जबानी आणि फिर्याद

‘मी’ ही वस्तू आपल्याकडे विलायतेहून आली, हा सिद्धांत अलीकडे विद्यापीठीय चर्चासत्रांतून इतक्या निःशंकपणे उच्चारला जातो की, त्याला पुरावा मागणे हाच अडाणीपणा मानला जावा. अशाच एका चर्चासत्रात एका विद्वान वक्त्यांनी तो नुकताच पुन्हा मांडला. इंग्रजी अंमल, छापखाना आणि मिशनऱ्यांच्या शाळा येण्यापूर्वी मराठी माणसाला जात होती, कुळ होते, गाव होते, दैवत होते. परंतु स्वतःकडे स्वतंत्र व्यक्ती म्हणून पाहणारा आणि आपल्या आयुष्याचा अर्थ लावू पाहणारा ‘मी’ त्याच्यापाशी नव्हता, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर श्रोत्यांतील एक गृहस्थ आवेशाने उठले आणि म्हणाले की, ज्या देशाने उपनिषदे निर्माण केली त्या देशाला आत्मा शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. आणि दोहोंशी माझे भांडण जुने असल्यामुळे त्याचा निवाडा एकदा लेखी करून टाकावा, असे मी ठरवले आहे.

पहिल्या पक्षाची वंशावळ मोठी आहे. याकोब बुर्कहार्टने १८६० साली इटलीच्या प्रबोधनकाळावर ग्रंथ लिहिताना व्यक्तीचा उदय त्या भूमीत झाल्याचे सांगितले. मार्सेल मॉसने १९३८ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात रोमन कायदा आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संस्कारांतून ‘व्यक्ती’ ही कोटी कशी क्रमाक्रमाने घडत गेली त्याचा आलेख काढला. जॉर्ज ग्युस्डॉर्फने १९५६ मध्ये आत्मचरित्र हा पाश्चात्त्य मानवाचाच विशेष असल्याचा निर्वाळा दिला. आणि लुई द्यूमाँने असे मांडले की, भारतात व्यक्ती म्हणून जगतो तो एकटा संन्यासी, संसारात राहणारा मनुष्य हा जातिव्यवस्थेतील संबंधांचा केवळ एक बिंदू असतो. या चौघांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे. परंतु ग्युस्डॉर्फच्या निर्वाळ्याच्या तीनशे पंधरा वर्षे आधी, १६४१ साली, बनारसीदास नावाच्या एका जैन व्यापाऱ्याने आग्र्यात बसून ‘अर्धकथानक’ हे आपले पंचावन्न वर्षांचे आयुष्य पद्यात लिहून काढले होते, आणि त्यात व्यापारातील बुडीत, आजारपणे, धर्मश्रद्धेतील चढउतार आणि एकामागून एक दगावलेली नऊ अपत्ये यांचा हिशेब कोणताही आडपडदा न ठेवता दिला होता. एका ग्रंथाने सिद्धांत कोसळत नाही हे मला ठाऊक आहे. पण सिद्धांत सार्वत्रिक असेल, तर त्याला एका ग्रंथाचेही उत्तर द्यावे लागते.

दुसऱ्या पक्षाने मात्र आपला वकीलच चुकीचा निवडला. अद्वैत्यांनी उपनिषदांतून जो आत्मा दाखवला तो सर्वांच्या ठायी एकच आहे. जो तुमच्यात आणि माझ्यात अभिन्न आहे, ज्याला जन्म नाही, नाव नाही, कर्माचा लेप नाही, तो माझ्या पश्चात्तापाचा, माझ्या स्मृतीचा, माझ्या कर्जाचा धनी होऊ शकत नाही. त्याच्या साक्षात्काराने ‘मी’ कोण याचा उलगडा होण्यापूर्वीच ‘मी’ विलीन होतो. ज्याला या देशी विचारात ‘मी’चा पाठीराखा शोधायचा आहे त्याने नैयायिकांच्या दारी जावे, आणि त्यांच्याकडे आपल्या आजच्या चर्चेत कोणी फिरकत नाही, ही मला मोठी हानी वाटते.

न्यायदर्शनाचा युक्तिवाद अध्यात्माच्या उंचीवरून सुरू होत नाही, तो साध्या अनुभवापासून सुरू होतो. जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तिलाच मी आता हाताने स्पर्श करीत आहे, असे ज्ञान मला होते. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रूप कळत नाही. तेव्हा दोन्ही ज्ञाने एकत्र आणून ‘तीच ही’ असे म्हणणारा कोणी तरी दोहोंहून निराळा असला पाहिजे. आंबट फळ नुसते दृष्टीस पडले तरी जिभेला पाणी सुटते, हे अक्षपाद गौतमाने याच प्रकरणात पुरावा म्हणून घेतले आहे : पाहिले डोळ्याने आणि विकार झाला जिभेला, मधला दुवा म्हणजे ज्याने पूर्वी ते फळ पाहून चाखले होते आणि आज ज्याला त्याची आठवण झाली, तो ज्ञाता. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही त्याची गमके. वसुबंधूसारख्या समर्थ बौद्ध पंडितांनी यावर सांगितले की, असा कोणी धनी मानण्याची गरज नाही. क्षणोक्षणी उत्पन्न होणाऱ्या चित्तांचा अखंड प्रवाह आणि त्या प्रवाहातून वाहणारे संस्कार एवढ्याने स्मृतीची उपपत्ती लागते. नैयायिकांनी केलेला प्रतिप्रश्न मला आजही निरुत्तर करणारा वाटतो. गुरूच्या ज्ञानातून शिष्याचे ज्ञान उत्पन्न होते, म्हणजे तेथेही कार्यकारणाचा प्रवाह आहेच; मग गुरूने बालपणी पाहिलेली गोष्ट शिष्याला का आठवत नाही? प्रवाह पुरेसा असता तर ती आठवायला हवी होती. ‘एकाच संतानातील’ अशी मर्यादा बौद्धाने घातली, तर ते संतान एक का, हाच मूळ वाद पुन्हा उभा राहतो. उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त हा वाद ज्या चिकाटीने शेवटास नेला तिची बरोबरी मला दुसरीकडे आढळत नाही. सुमारे सात शतकांनंतर डेव्हिड ह्यूमने आपल्या अंतरंगात डोकावून तेथे संवेदनांच्या जुडीपलीकडे काहीच सापडत नसल्याचे जाहीर केले. परंतु १७४० साली त्याच ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात, ही जुडी बांधणारे तत्त्व कोणते याचा समाधानकारक उलगडा आपल्याला करता येत नाही, अशी प्रांजळ कबुलीही त्याने दिली. ह्यूम जेथे थांबला तेथून नैयायिकांचा प्रश्न सुरू होतो.

येथवर मी नैयायिकांचा पक्षकार आहे. यापुढे मात्र त्यांची वाट मला पुरत नाही. स्मृतीचा धनी कोणी एक आहे, एवढे सिद्ध झाल्याने तो कोण आहे हे सिद्ध होत नाही. न्यायदर्शनातील आत्मा प्रत्येक देहागणिक वेगळा आहे खरा, परंतु त्याचे वेगळेपण केवळ संख्येचे आहे. पुण्याचा आत्मा आणि पैठणचा आत्मा यांत स्वभावाने कोणताच भेद नाही. मनुष्य ज्याला ‘मी’ म्हणतो त्यात तर नाव असते, शब्द दिलेले आणि मोडलेले असतात, लाज असते, अभिमान असतो, दुसऱ्याने केलेला अपमान असतो. जॉन लॉक याने आपल्या निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवे प्रकरण घातले आणि त्यात असे म्हटले की, ‘व्यक्ती’ ही कल्पना मुळात न्यायालयीन आहे. कर्म कोणाचे आणि त्याचे फळ कोणाला, हे ठरवण्यासाठी तिची गरज पडते. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली येथे आहे, आणि ती लावून पाहण्यासाठी आपल्याला लंडनला जाण्याची गरज नाही. ती आपल्या दफ्तरखान्यांत, मोडी कागदांच्या रुमालांत बांधून ठेवलेली आहे.

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील मराठी मुलखात पाटीलकीचा, कुलकर्णाचा, देशमुखीचा तंटा उभा राहिला म्हणजे तो गोतसभेपुढे किंवा मजलिशीपुढे जाई. वादी आणि प्रतिवादी जामीन देत, आपापली तकरीर म्हणजे म्हणणे लिहून देत, आपल्या घराण्याचा करीना म्हणजे पूर्ववृत्तांत सांगत; साक्षीदारांच्या जबान्या होत; कागदाने आणि साक्षीने निवाडा होत नसेल तर दिव्य करण्याची वेळ येई; आणि शेवटी जो महजर म्हणजे निवाड्याचा कागद होई त्यावर जमलेल्यांची नावे आणि नांगरासारख्या निशाण्या पडत. या कागदांना आपण आजवर महसुलाच्या आणि कायद्याच्या इतिहासाचे साधन मानले. त्यांत आणखी एक गोष्ट आहे. ज्याला लिहिता येत नव्हते असा शेतकरीसुद्धा येथे चारचौघांपुढे उभा राहून, आपण कोण, आपले वडील कोण, दुष्काळात गाव सोडून कोठे गेलो, परत केव्हा आलो, आपल्या गैरहजेरीत आपली जागा कोणी बळकावली, हे सांगत होता. आणि ते सांगताना मागच्या विस्कळित घटनांना क्रम, कारण आणि न्याय यांचा धागा लावीत होता. कालानुक्रमाने मांडलेले, कारणे देणारे, आपल्या बाजूने बोलणारे, खोटे ठरल्यास शिक्षेला पात्र असणारे असे हे आत्मकथन आहे. त्या शेतकऱ्याला ‘मी’ नव्हता असे म्हणणाऱ्याने एकही करीना मन लावून वाचलेला नाही, असे मी म्हणेन.

यावर आक्षेप येईल की, हा ‘मी’ व्यक्तीचा नसून वतनाचा आहे. आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला एका प्रसंगाने उत्तर देतो. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा मावळातील देशमुखांना आदिलशाही फर्माने आली की, खानाला मिळा, नाही तर परिणाम भोगा. उत्रोळीचा खंडोजी खोपडे वतनाच्या आशेने खानाला जाऊन मिळाला. कान्होजी जेधे आपले पुत्र घेऊन शिवाजीमहाराजांकडे आले, शहाजीराजांना दिलेल्या शब्दाला जागले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. ही हकीकत आपल्याला कोठून कळते? जेधे घराण्याच्या करीन्यातून. म्हणजे घराण्याचा लौकिक आणि हक्क सांगण्यासाठी जो कागद व्हायचा, त्याच कागदात वतनत्यागाचा प्रसंग अभिमानाने नोंदलेला आहे. पॉल रिकर या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९९० साली दोन गोष्टींत भेद केला : काळ लोटला तरी जी बदलत नाही ती एकरूपता निराळी, आणि स्वतः बदलूनही दिलेला शब्द पाळण्यात जे प्रकट होते ते स्वत्व निराळे. कान्होजींची एकरूपता वतनात होती आणि स्वत्व शब्दात होते, आणि दोहोंत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी कशाची निवड केली हे त्यांच्या वंशजांना नीट कळले होते. रिकरचा भेद समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला युरोपात आढळलेले नाही.

आता संतांकडे पाहू. तुकोबांनी आपली जात, आपला धंदा, दुष्काळात झालेली वाताहत, पत्नीचा मृत्यू, लोकांपुढे वाटलेली लाज, हे सारे आत्मपर अभंगांत सांगितले आहे. पण सांगण्यासारखे हे नाही, तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशी त्यांची भूमिका आहे. बहिणाबाईंनी आपले या जन्मीचे हाल आणि पूर्वीच्या जन्मांचा वृत्तांत सांगितला, तो आपल्या मुलाला. फार अलीकडे, १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी मुलाने आठवणी मागितल्या, त्यातून सुरू झाली. मजलिशीत, संतमेळ्यात आणि घरात सारखीच रीत दिसते : कोणी तरी विचारतो, आणि विचारले गेल्यामुळे सांगणारा स्वतःला गोळा करू लागतो. यावरून मी असे अनुमान काढतो की, ‘मी’ ही अंतःकरणाच्या तळाशी आधीच ठेवलेली, कोणी शोधून काढावी अशी ठेव नाही. जबाब देण्याच्या प्रसंगी मनुष्य आपला ‘मी’ घडवतो.

हे अनुमान मांडले म्हणजे आजचे अभ्यासक लुई अल्थ्युसेरचे नाव घेतात, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर बोलणे भाग आहे. १९७० सालच्या त्याच्या निबंधातील दृष्टांत आता सर्वांना पाठ झाला आहे : रस्त्यात पोलिसाने मागून हाक मारली, मनुष्याने वळून पाहिले, आणि त्या वळण्यातच तो सत्तेचा अंकित असा ‘मी’ झाला. हाक सत्तेची, वळणारा तिचे अपत्य. या मताने आपल्या विद्यापीठांतील एक अख्खी पिढी मोहून गेली. माझा त्यावर मुख्य आक्षेप असा की, अल्थ्युसेरचा मनुष्य वळतो, पण बोलत नाही. वळल्यानंतर तो काय म्हणाला, त्याने हाकेचा अधिकार मान्य केला की नाकारला, साक्षीदार कोण आणला, दुसऱ्याची जबानी कशी खोडली, याला त्या दृष्टांतात जागाच नाही. आपल्या मजलिशीत आलेला कुणबी मात्र हाकेला ओ देऊन थांबत नाही. तो तकरीर लिहून देतो, आणि कित्येकदा त्याच्या तकरिरीने मजलिशीला आधीचा निवाडा फिरवावा लागतो. हाक मारणाऱ्यावरही जबाबाचा परिणाम होतो, हे तत्त्व अल्थ्युसेरच्या उपपत्तीतून सर्वस्वी सुटले.

आणि या उपपत्तीचे सर्वांत गंभीर उत्तर अल्थ्युसेरच्या स्वतःच्या आयुष्यानेच दिले. १६ नोव्हेंबर १९८० रोजी, पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमधील निवासस्थानी, त्याने आपली पत्नी एलेन हिचा गळा दाबून तिला ठार केले. तो दीर्घकाळ मनोरुग्ण होता. फ्रेंच दंडविधानाच्या ६४ व्या कलमान्वये त्याला कृत्यास जबाबदार न धरण्याचा निर्णय झाला, खटला चालला नाही, त्याची रवानगी रुग्णालयात झाली. म्हणजे ज्याने पोलिसाच्या हाकेतून ‘मी’ जन्मतो असे सांगितले, त्याला खऱ्या अपराधानंतर हाकच आली नाही. १९८५ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रारंभीच तो सांगतो की, खटला नाकारला गेल्यामुळे आपल्याला उत्तर देण्याची संधी उरली नाही, जिवंत असून आपण नाहीसे झालो, आणि न्यायालयात जे बोलावयाचे ते आता लोकांपुढे बोलण्यासाठी हा ग्रंथ आहे. हे वाचून मी फार दिवस अस्वस्थ होतो. न विचारलेल्या माणसाची शिक्षा विचारलेल्या माणसाच्या शिक्षेहून कठोर असू शकते, हे सत्य त्या सिद्धांतकाराला अशा भयंकर मार्गाने कळावे, यात मला कोणतेही समाधान वाटत नाही.

परंतु त्या ग्रंथात दुसरे मौन आहे, आणि ते अधिक मोठे आहे. एलेन ही फ्रेंच प्रतिकारलढ्यात भाग घेतलेली, स्वतःचा व्यासंग असलेली स्त्री होती. तिची जबानी कोठे आहे? तिच्याविषयी जे आपण वाचतो ते तिला मारणाऱ्याच्या लेखणीतून वाचतो. हा प्रश्न मनात आला आणि माझे मघाचे अनुमान मला अपुरे वाटू लागले. ‘मी’ जबाबातून घडतो असे म्हणावे, तर ज्याला कोणी विचारलेच नाही त्याच्या ‘मी’ची वाट काय? आपल्या मजलिशींचाच दाखला पुन्हा घ्यावा. गावाची शीव नेमकी कोठून जाते हे सांगण्यासाठी महाराला बोलावणे येई आणि त्याच्या शब्दाला मोल असे; परंतु तुझे दुःख काय, असे त्याला कोणत्या मजलिशीने विचारले? तो दुसऱ्यांच्या सीमांचा साक्षीदार होता, स्वतःच्या कैफियतीचा धनी नव्हता. द्यूमाँला जे दिसले नाही ते मला करीन्यांत दिसले, याचा मला जो आनंद होता, त्याला ही मर्यादा घालावीच लागते.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी दिले ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत सापडत नाहीत. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने देवालाच घातला आणि पेशवाईतील छळाचा पाढा वाचला. तिला कोणत्याही न्यायसभेने हाक मारलेली नव्हती; तिने फिर्याद केली. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ अनेक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले, आणि ते पुस्तक एकीचे असूनही त्यातील कर्ता बहुवचनी आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलेला दया पवार ती ऐकतो, ऐकणारा बाहेर मिळाला नाही, म्हणून लेखकाने तो स्वतःतून काढला. फिर्यादी आणि ऐकणारा एकाच देहात बसवण्याचे हे धैर्य माझ्या मते ‘मी’च्या घडणीविषयी पुष्कळ उपपत्तींहून अधिक सांगते. जुडिथ बटलरने २००५ च्या आपल्या ग्रंथात, स्वतःचा वृत्तांत नेहमी दुसऱ्याला उद्देशून दिला जातो, असे मांडले आहे. ते खरे आहे. त्यात एवढीच भर घालावी की, तो दुसरा हजर नसेल तर फिर्यादी त्याला निर्माणही करतो.

म्हणून माझे अंतिम मत असे : जबाब ही ‘मी’च्या घडणीची पहिली पायरी आहे आणि फिर्याद ही दुसरी. विचारल्यावर सांगतो तो ‘मी’ होतोच. न विचारता दाद मागतो तो विचारणाऱ्यांच्या सभेची रचनाच बदलतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले, तेव्हा वतन हेच ज्यांचे नाव आणि वतन हीच ज्यांची बेडी होती, अशांच्या वतीने ते फिर्याद मांडत होते. कान्होजींनी सोडलेले वतन वैभवाचे होते, हे वतन दास्याचे होते. पण आपण नोंदीपेक्षा मोठे आहोत हा निश्चय दोहोंकडे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या प्रथमपुरुषी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा लाखो माणसांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने स्वतःविषयी शब्द दिला. रिकरने ज्याला स्वत्व म्हटले ते याहून निराळे असू शकत नाही.

हा वाद आज केवळ पंडितांचा राहिलेला नाही. मराठवाड्यातील आणि अन्य जिल्ह्यांतील जुन्या महसुली व मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम २०२३ पासून सरकारी समितीमार्फत झाले. हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासननिर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला. आणि येत्या जनगणनेत जातीची मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. या निर्णयांच्या गुणदोषांचा निवाडा मी येथे करीत नाही. नोंदीवाचून न्यायाचे वाटप होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पणजोबाच्या नावापुढे तलाठ्याच्या किंवा कारकुनाच्या बोरूने जे अक्षर उमटले त्यातच मनुष्याचे स्वत्व संपते, असा समज रूढ होऊ लागला, तर द्यूमाँचा सिद्धांत आपण आपल्याच हातांनी खरा करून दाखवू. नोंद ही दुसऱ्याने केलेली असते. कैफियत स्वतः द्यावी लागते.

तेव्हा अभ्यासकांना माझी विनंती आहे की, मराठी माणसाला ‘मी’ नव्हता असे लिहिण्यापूर्वी त्यांनी पुराभिलेखागारांतील महजर आणि करीने मोडी शिकून वाचावेत. आणि आपल्याकडे सर्व काही होते असे म्हणणाऱ्यांनी, त्या महजरांवर कोणाची निशाणी नाही, हे आधी पाहावे. आणि वाचकांना विनंती आहे की, आपल्या गावात, आपल्या घरात, ज्याला आजवर कोणी विचारलेले नाही त्याला विचारावे; आणि त्याने न विचारता सांगायला सुरुवात केली, तर त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून दाखल करून घ्यावे.